उशांचा बांध

गावात तिचं नाव तोटीबाई पडलं ते तिच्याच तोंडामुळे. वरचं धरण म्हातारं झालं होतं, भिंतीला जागोजाग पाझर फुटले होते, म्हणून ते पाडून त्याच जागी नवं बांधायचं ठरलं. हे बांधकाम चालू असताना नदीचं काय करायचं, एवढं एकच बघायला जी इंजिनियर आली ती ही. नदीला काही रजेवर पाठवता येत नाही. ती येतच राहणार. तेव्हा तिला मातीचा बांध आडवा घालायचा, डोंगराच्या पोटातून खणलेल्या बोगद्यात वळवायची, धरणाच्या खाली पुन्हा जुन्या पात्रात आणून सोडायची आणि मधल्या कोरड्या जागेत काम उरकायचं, असा बेत होता. गावकऱ्यांच्या सभेत हे समजावून सांगता सांगता तिला जोर चढला आणि ती बोलून गेली, "नदी वळवायच्या दिवशीसुद्धा तुमची एकही तोटी कोरडी पडणार नाही. शब्द देते."

मागच्या रांगेत लाँड्रीवाल्या मावशी बसल्या होत्या. इस्पितळाच्या चादरी आणि लॉजचे टॉवेल धुण्यात त्यांचा जन्म गेला होता. लोकांचे डाग इतकी वर्षं जवळून पाहिल्यामुळे कोणाच्या बोलण्यावर चटकन विश्वास ठेवायची सवय त्यांना उरली नव्हती. त्या उठल्याही नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ऐकलंत ना सगळ्यांनी? तोटीबाईंनी शब्द दिलाय." सभा हसली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे पोस्टमनसुद्धा तोटीबाईंचं घर विचारत यायला लागला.

त्या घरात ती आणि तिचे सासरे, दोघंच. नवरा बोटीवर नोकरीला. वर्षातून दोनदा उगवणार, घरभर पसारा करणार आणि जाणार. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस. साऱ्या गावाचे कपडे बेतले, पण त्यांचा स्वतःचा एकही सदरा कधी अंगासरसा बसला नाही. एकाची बाही लांब, दुसऱ्याची कॉलर तिरकी, तिसरा पाठीत फुगलेला. ती त्यांना चिडवायची की अण्णा, तुम्हाला एखादा चांगला शिंपी गाठून द्यायला हवा. अण्णा म्हणायचे, चांगल्या शिंप्यांना कुठे वेळ असतो. किडन्या कामातून गेल्यापासून त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस केंद्रात जाऊन पडावं लागे. "माझी दोन मशीनं," येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "एक मी चालवतो आणि एक मला चालवतं." सुनेबरोबर या गावी यायला ते तयार झाले ते एका अटीवर, शिलाईचं मशीन बरोबर आलं पाहिजे. ते आलं. त्याच्यापायी कपाट मागे राहिलं.

एका माणसाचं रक्त एकदा धुवायला किती पाणी लागतं हे बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही. पिंपच्या पिंप लागतात. केंद्राचं पाणी गावच्या नळाचं आणि नळाचं पाणी नदीचं. ते मध्येच थांबलं तर मशीन थांबवावं लागतं, आणि अंगातलं पाणी अंगातच राहतं. आधीच्या गावी एकदा मशीन बिघडून अण्णांची पाळी अर्ध्यावर सुटली होती. नंतर आडवं झालं की त्यांची छाती भरून यायची, म्हणून ते खिडकीशी खुर्चीत बसून राहायचे, आणि ती दाराआड उभी राहून त्यांचा श्वास ऐकत राहायची. पुन्हा असं झालं तर निभावेलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. सभेत शब्द देताना तिच्या डोळ्यांसमोर गावातल्या सगळ्या तोट्या होत्या हे खरं, पण एक तोटी जरा जास्त होती.

नदी वळवायचा दिवस ठरला. केंद्रातला टेक्निशियन सावध माणूस. दुपारच्या पेशंटांना त्यानं जमेल तसं आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी बसवून टाकलं. तरी जागा पुरेना, एक माणूस दुपारी उरलाच. तो एक माणूस म्हणजे आपले अण्णा, हे कळल्यावर तिनं हातातला चहा खाली ठेवला. एरवी त्यांची पाळी सकाळची. मी बोलते टेक्निशियनशी, असं ती म्हणाली. अण्णा सुईत दोरा ओवत होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "तू शब्द दिलायस ना?"

"दिलाय."

"मग झालं तर. मला हल्ली सकाळी उठवत नाही."

झालं. बाईसाहेब हरभऱ्याच्या झाडावर चढल्या. आपल्या सासऱ्यांचा आपल्यावर केवढा भरवसा, हे तिनं साइटवर सांगितलं, बँकेत सांगितलं, बेकरीत पाव घेताना सांगितलं. कोणी त्या दिवसाबद्दल शंका काढली की ती म्हणायची, माझे सासरे स्वतः त्या दुपारी मशीनवर असणार आहेत, आता आणखी काय हवं? लाँड्रीवाल्या मावशींनाही तिनं हेच ऐकवलं. मावशींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि इस्त्री पुढे सरकवली.

भरवसा ठेवण्यासारखं तिचं काम होतंही. नदीला बांध घातला की पाणी लगेच बोगद्यात शिरत नाही. बांधाच्या मागे साचत साचत ते बोगद्याच्या तोंडापर्यंत चढावं लागतं आणि त्यात अख्खा दिवस जातो. तेवढा वेळ खालच्या गावाला नदीच नाही. म्हणून तिनं बांधावरून जाडजूड पाइप टाकले होते, पंप मांडले होते, पंप बंद पडला तर दुसरा आणि तो पडला तर तिसरा. ऐन उन्हाळ्यात नदीला जेवढी धार असते तेवढी धार दिवसभर खाली सोडायची व्यवस्था तिनं चोख केली होती. गावाला तेवढी पुरते, हे दरवर्षीच्या उन्हाळ्यानं सिद्ध केलेलं होतं. खाली पुलाच्या खांबावर पाण्याची उंची दाखवणारी पट्टी रंगवून घेतली होती आणि तिथं एक माणूस फोन देऊन बसवला होता.

त्या दिवशी सकाळी दोन्ही काठांवरून डंपर माती-दगड ओतत पुढे सरकले आणि मधली फट चिंचोळी होत गेली. मुकादमाला सगळे हळूहळू म्हणत, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्द नसे. लाल झेंडा हलवत तो डंपरवाल्यांना हळूहळू, हळूहळू असं ओरडत होता आणि काम मात्र झपाट्यानं उरकत होता. शेवटचे धोंडे पडले, पाणी एकदा खळाळलं, थबकलं आणि मागे फिरलं. पाइपांमधून धार सुरू झाली. पुलावरच्या माणसाचा फोन आला, पट्टीवर हवं तेवढंच पाणी आहे. तिनं उभ्याउभ्याच डबा खाल्ला आणि त्या घटकेला तिच्याइतकं सुखी माणूस नदीच्या दोन्ही काठांवर नसेल.

डबा धुवायच्या आधीच टेक्निशियनचा फोन आला. तो नेहमीच्या शांत आवाजात म्हणाला, "बाई, नळाला हवा येतेय. अण्णांना लावून झालंय."

तिचं पहिलं उत्तर फारसं शोभेसं नव्हतं. पट्टीवर पाणी बरोबर आहे, तुमच्या नळातच काहीतरी बिघाड असेल, असं ती म्हणाली. मग नगरपालिकेच्या पंपवाल्याचा फोन आला. नदीकाठच्या ज्या विहिरीतून तो गावासाठी पाणी उपसायचा, ती जॅकवेल कोरडी पडत होती. पंप हवा ओढायला लागला म्हणून त्यानं तो बंद केला होता. त्यातून शब्दावर विश्वास नसलेल्या गावानं सकाळीच घरोघर पिंपं, बादल्या, पातेली भरून घेतली होती, त्यामुळे उंचावरच्या टाकीतही तळ दिसत होता. मुकादमाला बांध सांभाळायला सांगून ती जीपमध्ये बसली.

पुलावर उतरली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. नदी होती. हवी तेवढी, दिलेल्या शब्दाला जागून, व्यवस्थित वाहत होती. पण पुलाच्या खालच्या अंगाला जिथे बेटामुळे तिचे दोन फाटे होतात, तिथे ती सगळीच्या सगळी पलीकडच्या फाट्यात शिरत होती. अलीकडच्या, गावाकडच्या फाट्यात नुसते ओले गोटे चमकत होते, आणि जॅकवेल त्याच फाट्याच्या काठाला होती.

का, ते तिला तिथेच उभ्याउभ्या कळलं. नव्या धरणाच्या काँक्रीटसाठी लागणारी वाळू आणि खडी त्यांनी पावसाळा सरल्यापासून त्या पलीकडच्या फाट्यातून उपसली होती. नदीचं सगळं तिच्याकडे, म्हणून ती जागाही तिनंच निवडलेली. अलीकडच्या फाट्यातून उपसली असती तर डंपर शाळेसमोरून गेले असते. नकोत म्हणून तिनं पलीकडचा काठ धरला, आणि त्यासाठी शाळेतल्या मास्तरीणबाईंनी पोरांच्या हातची कागदी फुलं तिला आणून दिली होती. उपसून उपसून तो फाटा खोल झाला. नदी भरलेली असताना पाणी दोन्हीकडे जायचं, कोणाच्या लक्षात येण्यासारखं काही नव्हतं. आज ती उन्हाळ्याइतकी बारीक झाली आणि खोल वाटेनं निघून गेली. पाणी किती ते तिनं थेंबाथेंबानं मोजलं होतं. ते कुठून जाईल हे मात्र तिनं गेल्या उन्हाळ्यावरून धरलं होतं, आणि गेल्या उन्हाळ्यात तो खड्डा तिथे नव्हता.

तिनं मुकादमाला फोन करून पोकलेन मागितलं. उत्तर तिला आधीच ठाऊक होतं. बांधाची माती अजून ओली होती, यंत्रं हलवली तर पाणी तो कुरतडून टाकणार, मग खाली येणाऱ्या लोंढ्याला कोण आवरणार. एक लोडर देता येईल, पण पुलावर जड गाड्यांना बंदी, लांबून वळसा घालून पलीकडच्या काठाला पोचायला संध्याकाळ होणार. "हळूहळू निघतो बाई," मुकादम म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच घाई होती.

ती केंद्राकडे धावली. अण्णा डोळे मिटून पडले होते, नळ्यांमधून रक्त फिरत होतं, मशीन चालू होतं. ते चालू कसं, हे तिला कळेना. टेक्निशियननं खिडकीबाहेर बोट दाखवलं. मागच्या भिंतीपलीकडे लाँड्री होती. भिंतीवरून एक निळा पाइप आत आला होता आणि केंद्राच्या टाकीत लाँड्रीचं पाणी पडत होतं. मावशींनी सभेतल्या शब्दावर काडीचाही विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी आदल्या दिवशीच आपल्या सगळ्या टाक्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या, आणि नळाला हवा आल्याचं कळताच कोणी विचारायची वाट न बघता पाइप भिंतीवरून टाकला होता. ज्या बाईला आपण टोमणा मारून आलो, तिच्या अविश्वासावर आपले अण्णा श्वास घेतायत, हे तिच्या ध्यानात आलं. पण ते पाणी पाळी संपेपर्यंत पुरणार नव्हतं. टेक्निशियननं मान हलवून ते सांगितलं.

ती लाँड्रीत गेली. मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या.

"मावशी, माझी चूक झाली," ती म्हणाली. "पाणी आहे, पण पलीकडच्या फाट्याला चाललंय. तो फाटा आम्हीच उपसून खोल केला. त्याच्या तोंडाशी आडवा बांध घालायला हवा, आत्ता. मला माणसं हवीत आणि पोती हवीत."

मावशींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तोटीबाई म्हणायची याच्याइतकी चांगली वेळ पुन्हा आली नसती. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"केवढं पाणी आहे तिथं?"

"गुडघाभर."

"मग रडतेस कशाला? बुडायला तेवढं पुरत नाही." असं म्हणून त्यांनी घडी बाजूला टाकली आणि रस्त्यावर जाऊन अशी हाक मारली की समोरचा न्हावी अर्धी दाढी टाकून बाहेर आला.

माणसं मिळायला वेळ लागला नाही. न्हावी आला, त्याच्यामागून अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक आलं, बसस्टँडवरचे ड्रायव्हर-कंडक्टर आले, बँकेतला शिपाई आला. अण्णा आत पडलेत, एवढंच एकमेकांना सांगत लोक निघाले. या गावात येऊन अण्णांना वर्षच झालं होतं, पण तेवढ्यात त्यांनी निम्म्या गावाच्या चेनी बदलून दिल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्याची थट्टा केली होती. घोडं अडलं ते पोत्यांशी. बेकरीवाल्यानं मैद्याची होती नव्हती तेवढी पोती झटकून दिली, ती जेमतेम हातभर रुंदीला पुरणार होती. तेव्हा मावशींनी लाँड्रीतली चाकांची गाडी बाहेर ढकलली. तिच्यात इस्पितळाच्या उशांचे अभ्रे होते, पांढरेशुभ्र, इस्त्री केलेले, संध्याकाळी पोचते करायचे. ती नको नको म्हणत असताना त्यांनी गाडी नदीच्या दिशेला वळवलीसुद्धा. "उकळत्या पाण्यातून काढलेत," त्या म्हणाल्या, "नदीला काही लागायचं नाही."

मग फाट्याच्या तोंडाशी जे काम चाललं ते बघण्यासारखं होतं. अभ्र्यात वाळू भरायची, तोंड बांधायचं, हातोहात पुढे द्यायचा. ती स्वतः मांडीपर्यंत भिजून पाण्यात उभी होती आणि कुठला कुठे ठेवायचा ते सांगत होती. धरणं बांधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, पण उशांचं धरण तिनं कधी बांधलं नव्हतं. सुरुवातीचे चार-सहा अभ्रे तर पाण्यानं सरळ उचलून नेले. मग तिनं मोठाले गोटे खाली बसवून घेतले, काठाकडून मध्याकडे येत येत दोन पदरी रास लावली, आणि प्रत्येक अभ्रा आधीच्या दोन अभ्र्यांच्या सांध्यावर बसेल असं पाहिलं. कंडक्टर तिच्या हाताखाली गवंड्यासारखा तयार झाला. त्याला कोणी घाई केली की तो म्हणे, मागच्यांनी पुढे सरका, जागा आहे.

काठावर एका दगडाशी मास्तरीणबाई येऊन बसल्या होत्या, कागदी फुलांच्या त्याच. त्यांनाही डायलिसिस होतं, सकाळीच झालं होतं, हाताला पट्टी होती. घरी जा म्हटलं तर जाईनात. तान्हं बाळ त्यांनी न्हाव्याच्या बायकोकडे दिलं होतं आणि चांगल्या हातानं त्या अभ्र्यांची तोंडं धरून ठेवत होत्या, म्हणजे भरणाऱ्याला सोपं. ती अभ्रे घ्यायला काठाशी गेली तेव्हा मास्तरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आत्ता तिथं मी असते हो. दुपारची पाळी माझी होती. अण्णांनी येऊन मागून घेतली. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

त्यांनी सांगितलं नव्हतं. म्हणजे नुसती आली ती पाळी घेतली असं नव्हतं, सुनेच्या शब्दावर भरवसा म्हणून त्यांनी ती मुद्दाम मागून घेतली होती, असा अर्थ तिनं काढला आणि शरमेनं तिचे कान तापले. ती पुन्हा पाण्यात शिरली. एवढा भरवसा ठेवण्याच्या लायकीची आपण नाही, हेच तिच्या मनात घोळत राहिलं.

रास पुरी झाली तरी पाणी फटींतून झिरपत होतं. तिनं मावशींकडे चादरी मागितल्या. चार जणांनी दोन चादरी वरच्या अंगाला, पाण्याच्या बाजूनं पसरून धरल्या आणि सोडल्या. पाण्यानंच त्या ओढून घेतल्या आणि अभ्र्यांच्या राशीवर घट्ट चिकटवल्या. झिरपणं मंदावलं. मग सगळे नुसते उभे राहिले. बेटाच्या टोकाशी पाणी तुंबलं, थोडं चढलं, आणि एक बारीकशी जीभ अलीकडच्या गोट्यांवरून गावाकडे सरकली. जीभ रुंद झाली, गोटे बुडाले, आणि अलीकडच्या फाट्याला नेहमीचा आवाज फुटला. जॅकवेलवरून पंपवाल्यानं शिट्टी घातली तेव्हा न्हाव्याचं गिऱ्हाईक आपली अर्धी दाढी विसरून कंडक्टरच्या गळ्यात पडलं.

टेक्निशियनचा फोन आला तेव्हा तिचे हात गारठलेले होते, फोन मावशींनी तिच्या कानाशी धरला. नळाला पाणी आलं होतं. लाँड्रीच्या टाकीचा तळ लागायला फारसा अवकाश नव्हता, पण मशीन एकदाही थांबलं नव्हतं. अण्णांची पाळी पूर्ण होणार होती. ती मावशींना धन्यवाद म्हणायला गेली आणि तिला शब्दच सुचेना. सभेत एवढे सुचले होते. शेवटी तिनं ओल्या हातांनी मावशींचे जन्मभराच्या धुण्यानं पांढरे पडलेले हात धरले आणि धरून ठेवले. मावशींनी ते धरू दिले. मग म्हणाल्या, "पुरे. माझे अभ्रे कधी देणार?"

दुसऱ्या दिवशी नदी बोगद्यातून धो धो खाली आली आणि दोन्ही फाटे भरले. लोडरनं पलीकडच्या फाट्याच्या तोंडाशी धोंडे टाकून पक्का बांध घातला, आणि मग तिनं उशांचा बांध स्वतः उपसला. नवे अभ्रे आणून देते म्हणाली तर मावशींनी ते उडवून लावलं. नवे नकोत, तेच हवेत, आणि स्वच्छ धुऊन, कारण वाळूचा एक कण राहिला तरी लाँड्रीचं मशीन बसेल. तेव्हा सुट्टीच्या दिवशी ती घरी न्हाणीघरात बादल्या मांडून अभ्रे धुवायला बसली. दार उघडं होतं. खिडकीशी अण्णा फाटलेल्या अभ्र्यांना शिवण घालत होते आणि मशीनचा आवाज घरभर होता. त्यांचा चेहरा ताजातवाना होता, त्या रात्री ते आडवे होऊन गाढ झोपले होते. ते नुसतं आठवलं तरी तिला बरं वाटत होतं. कोणाकोणाचं नाव घ्यावं तेवढं थोडं होतं, न्हाव्यापासून मुकादमापर्यंत. एकेक अभ्रा पिळताना ती मनातल्या मनात एकेकाचं नाव घेत होती.

अण्णांचं नाव आलं तेव्हा ती थांबली.

"अण्णा, ती पाळी तुम्ही मास्तरीणबाईंकडून मागून घेतलीत."

"हं."

"एवढा भरवसा होता माझ्यावर?"

अण्णांचा पाय पायट्यावर थांबला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे पाहिलं. "भरवसा?" ते म्हणाले. "पोरी, मी जन्मभर कापड कापलंय. कितीही मापं घे, कितीही जपून काप, एखादा सदरा चुकतोच. चुकलेला सदरा मी कधी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला नाही. घरी आणला आणि मीच घातला."

तिनं हातातला अभ्रा पुन्हा बादलीत सोडला.

"त्या पोरीला तान्हं बाळ आहे," अण्णा म्हणाले. "तिचं काही कमीजास्त झालं असतं तर तू त्या शाळेसमोरून पुन्हा कशी गेली असतीस? तू हुशार आहेस, पण काम मोठं, चूक व्हायचीच. म्हटलं, व्हायचीच असेल तर ती घरातल्या घरात राहू दे."

एवढं बोलून त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि पुढचा अभ्रा सुईखाली सरकवला. मशीन पुन्हा सुरू झालं. ती उठली, पदराला हात पुसले आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्यांच्या उजव्या हाताची बाही नेहमीसारखी बोटांवर उतरली होती, शिवताना मध्ये येत होती. ती तिनं मनगटावर नीट दुमडून दिली आणि परत जाऊन अभ्रे धुवायला बसली.